मोहाखाली अस्वल आणि आपण : गावाने नेमकं काय करावं?

धानबांधी | १८ फेब्रुवारी, रात्री ९:१०

गेलं वर्षभर हा धागा काढायचं मनात होतं. मोहाचा हंगाम पुन्हा तोंडावर आलाय, म्हणून आज लिहायलाच बसलो.

मागच्या मार्चअखेरीस माझ्या आत्यावर अस्वलाने हल्ला केला. ती वाचली. आता हिंडते-फिरते, पण डावा डोळा पूर्ण मिटत नाही आणि त्या बाजूचा गाल हलत नाही. रात्री झोपताना डोळ्यावर ओलं फडकं ठेवते.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. शेती धानाची. उन्हाळ्यात घरात पैसा येतो तो मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा. मोहाचं फूल पहाटेपासून गळायला लागतं. उन्हं चढली की शेळ्या-गुरं खाऊन टाकतात, तुडवलं जातं, म्हणून बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. कुठलं झाड कोणाच्या घरचं हे वाडवडलांपासून ठरलेलं. आत्याचं झाड गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, नाल्याच्या काठाला.

त्या दिवशी सोबतच्या बाईला ताप होता, म्हणून आत्या एकटीच गेली. फुलं वेचणं हे फार शांत काम आहे. कंबरेत वाकायचं, नजर जमिनीवर, हात चालू. फूल टोपलीत पडतं त्याचाही आवाज होत नाही. झाडापलीकडे वारूळ होतं आणि त्याच्या भोवती घाणेरीची, म्हणजे टणटणीच्या झुडपांची, दाट जाळी. आत्या सांगते, "आधी सूं... फुस्स... सूं... फुस्स असं ऐकू आलं, लोहाराचा भाता चालतो तसं. मले वाटलं डुक्कर असंल. मान वर केली तं दहा हातांवर काळं धूड, अन् पाठीवर पिल्लू." पळायला सवड मिळालीच नाही. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं, एक पंजा तोंडावर बसला, मग वर केलेला हात त्याने दातात धरला. तिच्या सांगण्यावरून सगळं मिळून अर्धा मिनिट झालं असेल. मग ते पिल्लासकट नाल्यात उतरून गेलं.

मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून तिला नेलं. पहिल्या दवाखान्यात रेबीजचं सीरम नव्हतं. दुसरीकडे पाठवलं, तिथून तिसरीकडे. पण त्याहून जास्त मनाला लागलं ते कागदपत्रांच्या वेळी. एका साहेबांनी मान वर न करता विचारलं, "ती जंगलात गेलीच कशाला?" आणि गावात आलो तर पारावर वेगळीच भाषा : "त्या अस्वलाले एकदा गोळी घाला, म्हणजे विषय संपला."

ही दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यातून जात नाहीत. आत्या जंगलात गेली कारण तिचं झाड तिथे आहे. अस्वल तिथे होतं कारण त्याचंही झाड तेच आहे. दोघं एकाच वेळी आले आणि मधे घाणेरी होती. मला वाटतं, करण्यासारखं जे काही आहे ते या झाडात, या वेळेत आणि या घाणेरीत आहे.

त्यानंतर मिळेल ते वाचलं, जुन्या वनमजुरांना विचारलं. आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, आधी फुंकून माती उडवतं आणि मग शोषतं. तोच तो भात्यासारखा आवाज. शंभर मीटरवरूनही ऐकू येतो म्हणतात. आत्याला तो ऐकू आला होता! तिला फक्त तो कशाचा आहे हे ठाऊक नव्हतं. साठ वर्षं जंगलाकाठी काढलेल्या बाईला हे कोणी सांगितलेलं नव्हतं, हे मला अजून पचत नाही.

पिल्लं डिसेंबर-जानेवारीत होतात. मार्च-एप्रिलमध्ये मादी त्यांना पाठीवर घेऊन हिंडते, केसांना धरून बसतात ती. म्हणजे मोह गळतो तेव्हाच अस्वलीण सगळ्यात जास्त धास्तावलेली असते.

आता जंगलाचं. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला. नावात दोन्ही एकत्र आहेत, पण जमिनीवर नवेगाव वेगळं आणि नागझिरा वेगळं. मधे गावं, धानाच्या बांध्या, मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आणि वाहता राष्ट्रीय महामार्ग ५३. अस्वलाला एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर नाल्याच्या कडेने, धुऱ्यावरून, घरांच्या मागूनच जावं लागतं. आपण म्हणतो अस्वल गावात आलं. त्याच्या वाटेवर गाव आलंय हे आपल्या ध्यानात येत नाही.

हे दुखणं एकट्या आमच्या गावाचं नाही. एकत्र मध्य प्रदेशात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत अस्वलांनी ७३५ जणांना गाठल्याची नोंद झाली, त्यात ४८ जण गेले. पुढे उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात १३७ जण अस्वलांच्या तावडीत सापडले, ११ दगावले. आणि हे बघा, तिथले निम्म्याहून जास्त हल्ले परसबागेत, शेतात आणि शेतालगतच्या रानात झालेत. "गेलीच कशाला" विचारणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

तुमच्या भागात काय करतात? जे खरंच उपयोगी पडलंय ते लिहा. हंगाम लागायला महिनाही नाही.

रानवेल | १८ फेब्रुवारी, रात्री १०:०२

वाचून अंगावर काटा आला. आत्यांना नमस्कार सांगा. डोळ्याला ड्रॉप्स चालू आहेत ना? पूर्ण मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडतं. नेत्रतज्ज्ञांना नक्की दाखवा.

टाकेदोरा | १८ फेब्रुवारी, रात्री ११:३५

मी शस्त्रक्रिया विभागात काम करते, पूर्वी पूर्व विदर्भात होते. अस्वलाचे रुग्ण आले की जखमांचा नमुना जवळपास ठरलेला असायचा. चेहरा, टाळू, आणि चेहरा वाचवायला वर केलेले हात. रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नसला तरी जखम बघून सांगता यायचं.

गावात कोणाला तरी हे माहीत असावं म्हणून लिहिते. चेहऱ्याला मार असेल तर माणसाला उताणं झोपवू नका, रक्त घशात उतरून श्वास अडकतो. शुद्धीवर असेल तर बसवून पुढे झुकवा, शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि पुन्हापुन्हा उचलून बघू नका. टाळूची किंवा गालाची कातडी लोंबत असेल तर कापून टाकू नका, जागेवर बसवून कापडाने बांधा. ती जगते! हळद, तंबाखू, राख, डिझेल यातलं काहीही लावू नका. ते धुऊन काढण्यातच आमचा तास जातो.

रक्तस्राव आटोक्यात असेल तर हातापायाच्या जखमा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. अस्वलाचा चावा रेबीजच्या दृष्टीने तिसऱ्या श्रेणीतला धरतात, म्हणजे लस आणि सीरम दोन्ही हवं, वर धनुर्वाताचं इंजेक्शन. निघण्याआधी फोन करून सीरम कुठे आहे ते विचारा. धानबांधी, तुमची तीन दवाखान्यांची वणवण यानेच वाचली असती. गावातल्या आशाताईंकडे हे नंबर आधीच लिहून ठेवायला सांगा.

अजिंठारांग | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

मी बुलडाण्याकडला. ज्ञानगंगा अभयारण्य आमच्या शिवाराले लागून हाये. तुमच्या आत्याचं वाचून लय वाईट वाटलं.

पण एक सांगतो. "वेळ बदला, पहाटे जाऊ नका, रातीले जाऊ नका" हे आमाले सारेच सांगतात. वेळ आमच्या हातात हाये का? शेतीची लाईन एक हप्ता दिवसा, एक हप्ता रातीले. हरभरा, गहू कोरडा ठेवू का? रातच्या बारा वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू कराले जा लागते. अन् त्याच दिवसांत बांधावरच्या बोरी पिकतात. अस्वलाले बोरं जीव की प्राण. म्हणजे मी दांड वळवतो त्याच बांधावर ते बोरं खाते.

माह्या चुलतभावाले असंच गाठलं, तीन वर्षं झाली. पाणी वळवाले वाकला होता. मांडीचं मांस गेलं, अजून लंगडते. त्यालेही लोकं म्हणे, रातीले गेलाच काहून.

अस्वल वाचवा म्हणणाऱ्याइनं आधी आमाले दिवसाची लाईट मागून द्यावं. मी रागानं नाई लिहत, खरंच लिहतो.

धानबांधी | १९ फेब्रुवारी, दुपारी १:१५

भाऊ, तुमचा राग अगदी रास्त आहे. वीज हा अस्वलाचा प्रश्न आहे असं मी कधी धरलंच नव्हतं. आमच्याकडे मोह आणि तुमच्याकडे मोटर, दोन्हीकडे माणूस अंधारात वाकलेला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे. तिचं काम जंगलकाठच्या फीडरपासून (वीजवाहिनीपासून) सुरू करा, ही मागणी अभयारण्याच्या भोवतीच्या सगळ्या ग्रामसभांनी ठरावात घ्यायला हवी. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो. तुमच्या सरपंचांपर्यंत पोचवाल?

@टाकेदोरा, तुमची पोस्ट छापून पंचायतीत लावतोय.

अजिंठारांग | १९ फेब्रुवारी, दुपारी २:४०

पाठवा. सरपंच माह्या वर्गातलाच हाये.

काळीकपार | १९ फेब्रुवारी, रात्री १०:५०

मी वन्यजीव बचावाच्या कामात हौसेने मदत करतो, बारा-तेरा वर्षं झाली. अस्वलाच्या स्वभावाबद्दल थोडं लिहितो, कारण गावोगाव याचीच माहिती कमी असते.

अस्वलाची नजर आणि कान बेताचे, नाक मात्र जबर. तोंड वारुळात असेल तर त्याला तुमची चाहूल लागतच नाही, आणि वारा उलटा असेल तर वासही नाही. दुसरी गोष्ट, हा प्राणी वाघ आणि बिबट्याच्या शेजारात वाढलाय. वाघापुढून पळून सुटका नाही, झाडावर चढलं तर बिबट्याही चढतो. म्हणून दचकलं की अंगावर जायचं, हे त्याच्यात पिढ्यान्‌पिढ्या भिनलंय. माणसाला खायला ते येत नाही. समोरचा धोका आडवा पाडायचा आणि निघून जायचं, एवढंच त्याला कळतं. म्हणून सगळं गणित त्याला दचकू न देण्याचं आहे. जंगलात शिरताना बोलत चला, खाकरत चला, काठी दगडावर आपटत चला. एकटं जाऊ नका. कुत्रं सोबत नेत असाल तर दोरीला बांधून न्या. मोकळं कुत्रं अस्वलाला डिवचतं आणि मग मालकाच्याच पायाशी पळत येतं, पाठोपाठ अस्वल.

समोरासमोर आलंच तर पळू नका. ते आपल्याहून वेगाने पळतं आणि झाडावर आपल्याहून चांगलं चढतं. अंतर असेल तर हळू आवाजात बोलत मागे मागे सरका. अंगावर आलंच तर पालथं पडा, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफा, कोपरं कानांशी घट्ट. चेहरा मातीत. टाकेदोरा यांनी लिहिलेल्या जखमा आठवा, म्हणजे हे का सांगतो ते कळेल. ते गेल्यावरही लगेच उठू नका.

एक अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका शेतातल्या विहिरीत मोठा नर पडला होता. विहिरीला कठडा नाही, काठावर रुईची झाडं वाढलेली, रात्री कोणालाच दिसली नसती. आम्ही पोचलो तेव्हा तो मोटरच्या पाइपला चारी पायांनी मिठी मारून होता, पाण्यावर फक्त डोकं आणि खांदे. पाइपवर नखांनी ओढलेल्या पांढऱ्या रेघा वरपर्यंत दिसत होत्या, म्हणजे कितीदा तरी चढून घसरला होता. वर दोनशे माणूस, मोबाइलचे लाइट, आरडाओरडा. वनखात्याच्या माणसांना सगळ्यात जास्त वेळ लागला तो गर्दी घरी पाठवायला, तीन तास. मग दोन लांब बांबूंना आडव्या फळ्या बांधून शिडी तिरकी सोडली, दिवे बंद केले आणि सगळे दूर जाऊन बसलो. पहाटे अडीचच्या सुमारास फळी करकरली. तो वर आला, काठावर बसला, अंग झाडलं. पाणी उडाल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. मग मान हलवत तुरीच्या शेतातून निघून गेला. कोणालाही ओरखडा नाही. गर्दी राहिली असती तर त्या रात्री नक्की कोणीतरी जखमी झालं असतं, आणि उद्याच्या बातमीत अस्वल पिसाळलेलं ठरलं असतं.

अशा वेळी वनखात्याचा १९२६ हा टोल-फ्री नंबर लावा. स्वतः दोर टाकायला जाऊ नका.

सह्यकडा | २० फेब्रुवारी, सकाळी ८:३०

मनापासून विचारतोय, राग मानू नका. ज्या अस्वलाने हल्ला केला तेवढं पकडून दूरच्या मोठ्या जंगलात सोडलं तर? माणसाचा जीवही वाचेल आणि प्राण्याचाही.

काळीकपार | २० फेब्रुवारी, दुपारी १२:०५

राग कसला, हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. कायद्याचं आधी. अस्वल वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशाशिवाय पकडता येत नाही, आणि ती परवानगी सहज देऊही नये. आत्यांचंच घ्या. पिल्लू असलेली मादी होती, दचकली, अंगावर गेली. तिला उचललं तर तिच्या जागी दुसरं अस्वल येईल, कारण नाला तोच, वारूळ तेच, मोह तोच. आणि जिथे सोडाल तिथलं पाणी, वाटा, कपारी तिला ठाऊक नाहीत. ती परत यायला निघते, वाटेत अनोळखी गावं लागतात. आपण एका गावाची भीती चार गावांना वाटून देतो.

वारंवार घरं फोडणारं, माणसाला सरावलेलं एखादं असेल तर गोष्ट वेगळी. पण ते सरावतं का, तेही बघायला हवं.

गाभाऱ्यापाशी | २० फेब्रुवारी, दुपारी ४:१८

यावरून लिहिते. छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यात घुंचापालीला चंडी मातेचं मंदिर आहे. तिथे संध्याकाळी अस्वलं येतात आणि लोक त्यांना प्रसाद खाऊ घालतात. आम्ही गेलो होतो. माझ्या पुढ्यातली एक बाई लहान मुलाच्या हातात नारळाचा तुकडा देऊन त्याला पुढे ढकलत होती. मी त्या मुलाचा दंड धरून मागे ओढलं, तर मलाच बोलणी बसली.

श्रद्धा मला कळते, मीही हात जोडूनच आले. पण ज्या अस्वलाला माणूस म्हणजे खाऊ असं कळलं, ते उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाईल. तिथे त्याला नारळ मिळणार नाही, कुऱ्हाड मिळेल.

उगवतीकडून | २० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५५

मी नोकरीनिमित्त जपानच्या उत्तरेकडे राहतो. इथलं अस्वल वेगळं, पण गोष्ट फार ओळखीची वाटली. २०२३ च्या आर्थिक वर्षात इथे २१९ जणांवर हल्ले झाले, ६ जण गेले. त्या वर्षी डोंगरात बीचची आणि ओकची फळं धरलीच नव्हती. शिवाय खेडी म्हाताऱ्यांची झालीत. शेतं पडीक, गवत माजलेलं, घरामागच्या पर्सिमॉनच्या झाडांची फळं उतरवायला माणूस नाही. जंगल आणि घर यांच्यामधला मोकळा पट्टाच नाहीसा झाला.

इथे गावकरी मिळून गवत कापतात, नको असलेली फळझाडं उतरवतात किंवा तोडतात. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या दप्तराला घंटी असते. सकाळी खिडकीतून ती किणकिण ऐकू येते. तुमची घाणेरी आणि इथलं गवत, मला तरी एकच दुखणं वाटतं.

सोबतीण | २१ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

मी स्वतः मोह वेचते, गडचिरोलीकडची. भाचीकडून टाइप करून घेतेय.

धानबांधी दादा, आमच्या टोल्यावर दोन वर्षांपासून असं चाललंय. चार-पाच झाडांना मिळून एक गट. सगळ्याजणी एकत्र जायचं, आज या झाडाखाली, मग त्या. दोघी वेचायला वाकल्या की एक उभी राहते, ती वेचत नाही. तिचा वाटा सगळ्या मिळून देतात. आधी बायका कुरकुरल्या, एक हात कमी पडतो म्हणून. पण उभी असलेली बाई गाणं म्हणत राहते, त्याने मनालाही धीर येतो.

काही घरांनी झाडाखाली जाळी बांधली. कंबरेएवढ्या उंचीवर चारी बाजूंनी खुंटाला. फूल वरच राहतं, माती लागत नाही, उन्हं आल्यावर गेलं तरी चालतं, आणि वाकावं लागत नाही. फुलं दिसावीत म्हणून खाली पाला जाळायची गरज राहत नाही, म्हणून वणवाही कमी. पण जाळी साऱ्या झाडांना बांधली आणि एक वेगळंच झालं. अस्वलाला रानात फूल मिळेना, मग ते अंगणात आलं, जिथे आम्ही फुलं वाळवतो. वासावर येतं ते. म्हणून आता नाल्यापलीकडची झाडं तशीच सोडतो. ती त्याची. आणि वाळलेली फुलं रात्री अंगणात ठेवत नाही, कणगीत भरून आत.

ग्रामसभावाला | २१ फेब्रुवारी, रात्री ९:२५

सोबतीण ताईंनी "ती त्याची" म्हटलं, तिथेच मला थांबावंसं वाटलं. यातच सगळं आलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण इथे सांगतो. वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणं बंद करायचं ठरवलं. पत्त्यासाठी झाडं छाटावी लागतात, कोवळी पालवी यावी म्हणून आग लावतात. ते थांबलं आणि झाडांना टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरायला लागली. माणसंही खातात, पाखरं-जनावरंही खातात. तेंदूचा पैसा सोडून त्यांनी बांबूवर भर दिला. टेंभरं हा अस्वलाचा ऐन उन्हाळ्यातला घास आहे, हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक गावाला तेंदू सोडणं परवडेल असं मी म्हणत नाही, आमच्या गावालाही परवडलं नाही. पण आपल्या जंगलात उंबर किती, जांभूळ किती, बहावा किती, कुठली वारुळं जिवंत आहेत, कुठल्या कपारीत अस्वलीण विते, याची नोंद ग्रामसभा ठेवू शकते आणि ती जागा सोडून वेचणीच्या वाटा आखू शकते. हे बाहेरचा कोणी येऊन करणार नाही, त्याला ती कपार ठाऊकच नसते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा सामूहिक हक्क मिळाला. तेव्हापासून कायद्याचा हा रस्ता मोकळा आहे.

भरपाईबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्रात मृत्यू झाल्यास २५ लाख आहेत, जखमींना जखमेप्रमाणे मिळतं आणि यादीत अस्वल आहे. घटना घडल्यावर शक्य तितक्या लवकर जवळच्या वनकर्मचाऱ्याला किंवा पोलिसांना कळवा, पंचनामा करून घ्या, दवाखान्याचे सगळे कागद जपा. "जंगलात गेलीच कशाला" असं कोणी विचारलं तर वनहक्काचा दाखला पुढे ठेवा.

अजिंठारांग | २२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

बांधावरच्या बोरी तोडून टाका म्हणून आमच्या गावात चाललं होतं. तुमचं वाचून मी म्हटलं थांबा. मोटरीजवळच्या, वाटेवरच्या दोन-चार तोडू. जंगलाकडच्या ठेवू. नाईतर ते बोरासाठी आणखी आत येईन.

ठरावाचा कागद मिळाला, भाऊ. एक ओळ वाढवली : बिनकठड्याच्या विहिरी.

धानबांधी | १४ मार्च, रात्री ८:४५

बरेच दिवस गायब होतो, पण हात चालू होते. इथलं सगळं वाचून दाखवलं आणि ग्रामसभा घेतली. पहिल्यांदा बोलली ती आत्या. पदराने डावा गाल झाकून उभी राहिली, मग बोलता बोलता पदर सोडून दिला. तिने फक्त तो आवाज काढून दाखवला. सूं... फुस्स. सगळ्या पोरांकडून दोनदा म्हणवून घेतला. म्हणाली, "हा आवाज आला तं टोपली तिथंच टाका अन् बोलत बोलत मागं या. टोपली कोणी नेत नाही."

ठरलं ते असं. नाल्याकाठची अकरा झाडं उन्हं येईपर्यंत कोणी शिवायची नाहीत, त्यात आत्याचं झाडही आलं. त्या घरांना गावाजवळच्या झाडांत वाटा. यावर बराच वाद झाला, दोन घरं अजून नाराज आहेत आणि त्यांचं म्हणणं चूक नाही, त्यांची ती सगळ्यात जास्त फुलणारी झाडं आहेत. सोबतीण ताईंसारखी एक बाई उभी ठेवायची, तिच्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. बाकीच्या झाडांभोवती वीस-वीस पावलं घाणेरी काढायची.

इथे अडलोय. मागे एकदा कोयत्याने छाटली होती, पावसाळ्यानंतर दुप्पट फुटली. हिचं करायचं काय?

रानवेल | १४ मार्च, रात्री ९:३०

वरून छाटली की ती बुडातून फुटतेच. कुदळीने बुंध्याभोवतीची माती थोडी मोकळी करा आणि सोटमूळ जमिनीखाली दोन-तीन बोटं तोडा, जिथून फुटवे येतात त्याच्या खाली. झुडूप उपटून उलटं ठेवा, मुळं वर, म्हणजे पुन्हा मातीत धरत नाही. फळं धरण्याआधी काढा, नाहीतर पाखरं बी पसरवतात. जाळू नका. मोकळ्या झालेल्या जागेत पहिल्या पावसाला गावठी गवताचं बी टाका. पुढची दोन वर्षं कोवळी रोपं हाताने उपटत राहावं लागेल, तेवढं बायकांच्या गटाला आधीच सांगून ठेवा.

आणि वारुळाच्या अंगाला लागून असलेली जाळी काढताना दिवसा उजेडी, बोलत बोलत काढा.

धानबांधी | १४ मार्च, रात्री ९:५२

समजलं. रविवारी कुदळी घेऊन जातोय, सोळा जण आहोत. आत्या म्हणतेय ती डबा वाजवायला येणार.